पत्र्याआडचं लाकूड: साठच्या दशकातला कॅम्पिंग ट्रेलर आतून नव्याने कसा उभा करावा

अमेरिकेत मिडवेस्टमध्ये राहणाऱ्यांना असे ट्रेलर नवे नाहीत. शेतावरच्या कोठारामागे गवतात टायर रुतलेले, पाठ गोल, रंग उडालेला आणि खिडकीला 'विकणे आहे'चा कागद. जाहिरातीत एक वाक्य हटकून असतं: 'आतून थोडं रंगकाम केलं की लगेच कॅम्पिंगला तयार.' या वाक्यावर विसंबून पैसे मोजू नका. या ट्रेलरचं आतलं काम जवळजवळ नेहमी बाहेरून सुरू करावं लागतं. ते का, हे एकदा कळलं की पुढच्या कामांचा क्रम आपोआप लागतो.

इथे मी बोलतोय तो १९५०-६०च्या दशकांतल्या, लाकडी सांगाडा आणि वरून ॲल्युमिनियमचा पत्रा अशा बांधणीच्या छोट्या ट्रेलरबद्दल. शास्ता, सेरो स्कॉटी ही त्यातली ठळक नावं. आडव्या ठेवलेल्या हॅमच्या डब्यासारखा आकार, म्हणून यांना 'कॅन्ड हॅम' म्हणतात. शास्ताच्या मागच्या अंगाला दोन बाजूंना पत्र्याचे पंख असतात, त्यामुळे ती लांबूनही ओळखू येते. एअरस्ट्रीम ही वेगळी जात: तिचा सांगाडाच ॲल्युमिनियमचा, वर रिव्हेट. बोलर आणि स्कॅम्प फायबरग्लासच्या. त्यांची दुखणी वेगळी, त्यांना हा लेख फारसा लागू नाही.

आधी बांधणी समजून घ्या

कारखान्यात हे ट्रेलर आतून बाहेर असे बांधले जायचे. लोखंडी चासीवर प्लायवूडची जमीन. बाजूच्या भिंतींचा सांगाडा सहा सूत जाड आणि दीड इंच रुंद पट्ट्यांचा, आणि त्याला आतल्या अंगाने एक सूत, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा बर्च प्लाय. भिंती उभ्या राहिल्या की कपाटं, बाकं, ओटा जागेवर ठेवायचे आणि त्यांचे स्क्रू बाहेरच्या बाजूने, सांगाड्यातून आत मारायचे. मग छताच्या आडव्या पट्ट्या, वायरी, काचलोकर (ग्लासवूल). पत्रा सगळ्यात शेवटी.

म्हणजे कपाटाचा स्क्रू शोधत तुम्ही आत कितीही वेळ घालवलात तरी तो सापडणार नाही. तो पत्र्याखाली आहे. आतलं पॅनेल बदलायचं तर त्याच्यासमोरचं कपाट काढायला हवं, कपाट काढायचं तर पत्रा उतरवायला हवा. जुन्या पॅनेलवर नवं पॅनेल चिकटवून वर पांढरा रंग मारणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या ट्रेलरचे फोटो छान येतात, आणि दोनेक पावसाळ्यांत पॅनेलला फुगे येतात, कारण आतलं कुजणं थांबलेलंच नसतं.

बघायला जाल तेव्हा

सोबत टॉर्च, टोकदार टोच्या आणि जमल्यास ओल मोजायचं मीटर न्या. लाकडात १५ टक्क्यांपर्यंत ओल असेल तर काळजी नाही. २०च्या वर काटा गेला की तिथे पाणी शिरतंय असं धरून चाला. टोच्या चार ठिकाणी लावून बघायचाच: मागच्या दोन्ही कोपऱ्यांत जमिनीलगत, समोरच्या मोठ्या खिडकीच्या खालच्या कडेला, छताच्या झडपेभोवती आणि दाराच्या उंबऱ्याखाली. टोच्या लाकडात अडला तर उत्तम. भाकरीच्या पिठात गेल्यासारखा गेला तर मालकाला निमूट हसून दाखवा आणि किंमत कमी करायला लागा.

कपाटं उघडून पाहा. पॅनेलवर काळे ओघळ, प्लायचा वरचा थर सुटून त्याचे पापुद्रे, गादीखाली कुबट वास. कुठेतरी काहीतरी असणारच, साठ वर्षांच्या लाकडी वस्तूत नसतं तरच नवल. प्रश्न एवढाच की मूळचा ओटा, कपाटांची दारं, स्टोव्ह, दिवे, खिडक्यांच्या यंत्रणा शाबूत आहेत का. कुजलेली पट्टी लाकडाच्या वखारीत विकत मिळते. १९६१च्या स्टोव्हची मूठ शोधताना मात्र दमछाक होते. दाराचं कुलूप आणि मागचे दिवे बार्गमन कंपनीचे, खिडक्या हेहरच्या असतील तर सुटे भाग किंवा त्यांच्या नव्या प्रती मिळण्याची शक्यता बरी असते.

कागदपत्रं विसरू नका. टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, नसलेले ट्रेलर सर्रास विकले जातात आणि त्याची नोंदणी करून घेण्याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत. पुढच्या लोखंडी दांड्यावर ठोकलेला क्रमांक टायटलवरच्या क्रमांकाशी स्वतः ताडून बघा. टायरवर DOT (डॉट) या अक्षरांनंतरच्या ओळीचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. टायर नवे वाटले, नक्षी पूर्ण असली तरी सहा-सात वर्षांपेक्षा जुने असतील तर त्यांच्यावर हायवेला जाऊ नका.

साफसफाई, पण झाडू न घेता

वर्षानुवर्षं बंद असलेल्या ट्रेलरमध्ये उंदरांनी संसार थाटलेला असतो. अमेरिकेत डिअर माऊस नावाच्या उंदराच्या लेंड्या आणि मूत यांतून हंताव्हायरस पसरतो. १९९३मध्ये नैर्ऋत्येकडच्या फोर कॉर्नर्स भागात त्याची साथ आली तेव्हा तो तिथे प्रथम ओळखला गेला, आणि त्यातला फुप्फुसांचा आजार जिवावर बेततो. धूळ उडाली की ती श्वासात जाते, म्हणून झाडू आणि साधा व्हॅक्यूम दोन्ही वर्ज्य. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास तरी हवा खेळू द्या. हातमोजे आणि चांगला मास्क घाला. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं मिश्रण घाणीवर चिंब होईल इतकं फवारा, पाच मिनिटं थांबा, मग कागदाने टिपून पिशवीत बांधून टाका. जुनी काचलोकर आणि गाद्या सरळ फेका.

दुसरा धोका ॲस्बेस्टॉसचा. नऊ इंची चौकोनी जुन्या टाइल्स, त्यांच्याखालचा काळा गोंद, हीटरमागची राखाडी पाटी यांत तो असू शकतो. घासू नका, फोडू नका. छोटा तुकडा ओला करून प्रयोगशाळेत तपासून घेता येतो. टाइल्स घट्ट बसलेल्या असतील तर त्या तशाच ठेवून वरून नवा थर देणं बहुधा शहाणपणाचं. रंगाचंही तसंच: अमेरिकेत घरगुती रंगात शिसं वापरायला १९७८मध्ये बंदी आली, त्यामुळे त्याआधीचा रंग कोरडा घासायचा नाही.

उतरवताना

काहीही उचकटण्याआधी फोटो काढा. आधी पूर्ण भिंतीचा, मग प्रत्येक सांध्याचा, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून. निळ्या टेपवर क्रमांक लिहून प्रत्येक तुकड्याला लावा. स्क्रू आणि बिजागऱ्या छोट्या पिशव्यांत, पिशवीवर नाव. कुजलेलं पॅनेल कितीही ओंगळ दिसलं तरी ते नव्या पॅनेलचा नमुना आहे. नवं बसेपर्यंत ते टाकायचं नाही.

क्रम असा. आधी छताच्या कडेने जाणारी पन्हळपट्टी, मग खिडक्या, दार आणि छतावरची झडप, मग छताचा आणि पुढचा-मागचा पत्रा, शेवटी बाजूचे पत्रे. पन्हळपट्टीचे स्क्रू गंजलेले असतात आणि पुष्कळदा त्यांच्या डोक्यावर साधी खाच नसून डमरूच्या आकाराची असते. त्याला क्लच हेड म्हणतात आणि त्याचं टोक वेगळं घ्यावं लागतं. साध्या स्क्रू ड्रायव्हरने झटापट केली तर खाच झिजते आणि मग ड्रिल करून काढण्याची वेळ येते. आदल्या रात्री गंजावरचं तेल सोडा. सकाळी स्क्रू आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवा, मग सोडवा. पत्रा जागोजागी पिना मारून बसवलेला असतो. पिना उचलायला बोथट पातळ पटाशी वापरा आणि खाली पत्र्याची पट्टी धरा, म्हणजे पोचे पडणार नाहीत. पत्रे गुंडाळू नका, सतरंजीवर आडवे ठेवा.

सांगाडा: घाई नको ती इथे

पत्रा हे या ट्रेलरचं नुसतं कातडं नाही, ताठपणाही बराचसा त्याचाच. तो काढल्यावर सांगाडा हाताने ढकलला तरी डुलतो. म्हणून पत्रा काढण्याआधी आतून तिरक्या पट्ट्या मारून घ्या. एक भिंतीच्या लांबीला, एक रुंदीला, एक दाराच्या चौकटीत. चासी चार जॅकवर समतल करा. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून ती मापं भिंतीवर लिहून ठेवा. काम चालू असताना ती मापं जुळेनाशी झाली तर तिथेच थांबा, कारण सांगाडा वाकडा बसला की दार पुन्हा कधीच नीट लागत नाही.

एकावेळी एकच बाजू हाती घ्या. कुजलेली पट्टी काढताना काळ्या पडलेल्या भागाच्या पुढे चांगल्या लाकडात वीतभर आत कापा. कूज डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. नवी पट्टी सरळ रेषांची, गाठी नसलेली निवडा. सांधा अर्ध्यात अर्धा खोबण करून, पाण्याला टिकणारा गोंद आणि स्क्रू लावून करा. वळणाच्या जागी जुना तुकडा प्लायवर ठेवून पेन्सिलीने उतरवा आणि जिगसॉने कापा. आणि एक मोह टाळा: डेकसाठी मिळतं ते हिरवट, वाळवी-रोधक लाकूड. त्यातल्या तांब्याच्या क्षारांमुळे ॲल्युमिनियम गंजतं. साधं देवदार किंवा पाइन चालतं, जुन्या जागी राहिलेल्या लाकडाला बुरशीरोधक औषध पुसा.

जमिनीचा प्लाय बहुधा कडेने गेलेला असतो. मधला भाग ठणठणीत असेल तर पूर्ण जमीन बदलायची गरज नाही. मात्र जोड चासीच्या आडव्या लोखंडावरच यायला हवा. पाच किंवा सहा सुती, बाहेरच्या कामासाठीचा प्लाय घ्या. कापलेल्या कडांना इपॉक्सी किंवा दोन हात रंग दिल्याशिवाय बसवू नका. प्लाय पाणी पितो तो कडेने.

भिंत उघडी आहे तोवर: वायर आणि गॅस

मूळ वायरिंग बहुतेक दोन तारांचं, अर्थिंग नसलेलं असतं. ते डागडुजी करून वापरू नका, पूर्ण नवं टाका. आजच्या कॅम्पग्राउंडवर छोट्या ट्रेलरसाठी ३० अँपिअरचं आउटलेट असतं आणि ते १२० व्होल्टचं आहे. हे अधोरेखित करण्याचं कारण: घरी गॅरेजमध्ये असं आउटलेट लावून घेताना ड्रायरच्या सवयीने २४० व्होल्ट जोडले जातात आणि पहिल्याच दिवशी ट्रेलरमधलं सगळं जळतं. प्लग लावण्याआधी मीटरने मोजा.

३० अँपिअरच्या मुख्य तारेला १० गेज तांबं, २० अँपिअरच्या फाट्याला (सर्किटला) १२, १५च्या फाट्याला १४. ट्रेलरमधल्या फ्यूजबोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडायचे नाहीत. अर्थची तार चासीला जोडायची. यात चूक झाली तर बाहेरच्या पत्र्यात करंट उतरतो आणि ओल्या गवतात उभं राहून दार उघडणाऱ्याला झटका बसतो. ओट्याजवळचं आउटलेट जीएफसीआय, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारं, असू द्या. भिंत पाऊण इंचाची, त्यामुळे तार जिथे लाकूड ओलांडते तिथे लोखंडी पट्टी ठोका, नाहीतर पत्र्याचा एखादा स्क्रू नेमका तिच्यात घुसायचा. १२ व्होल्टच्या दिव्यांची वायर, पंख्याची वायर, उद्या सोलर लावावंसं वाटलं तर त्याची वायर, सगळं आत्ताच ओढून ठेवा. जुने काचेचे दिवे मात्र ठेवा, आत फक्त एलईडी बल्ब बसवा.

गॅसचं काम मी लायसन्सवाल्याकडूनच करून घ्या म्हणेन. तुम्हाला फक्त काय मागायचं ते माहीत असावं: नवा दोन टप्प्यांचा रेग्युलेटर, तांब्याची नवी नळी, आणि रेग्युलेटर ११ इंच पाण्याच्या दाबावर (गॅसचा दाब असा पाण्याच्या उंचीत मोजतात) लावून झाल्यावर गळतीची चाचणी. जुना गॅसचा हीटर जाळून दाखवणारा मालक भेटला तरी तो हीटर वापरू नका, कारण त्याचा धूर आतच राहत असण्याची भीती असते. शोभेसाठी ठेवायचा तर नळी तोडून बंद करा. प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा अलार्म जमिनीलगत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या उंचीला. दोन्ही नसतील तर ट्रेलरमध्ये रात्र काढू नका.

पोकळीत भरायला फोमच्या कडक पाट्या कापून बसवा. फवारायचा फोम नको. तो ओल धरून ठेवतो आणि पुढच्या दुरुस्तीला लाकूड आणि फोम वेगळे करताच येत नाहीत.

पॅनेल आणि लाखेचं पॉलिश

एक सुती बर्च प्लाय चार बाय आठ फुटांत मिळतो. छतासाठी तो आडवा लावा, लाकडाच्या रेषा ट्रेलरच्या रुंदीला धरून, म्हणजे पुढून मागे जाणारं वळण तो सहज घेतो. उलटा लावलात तर तडकतो. दुकानातला स्वस्त लाल-तपकिरी प्लाय टाळा. जाडीला चालतो, पण त्याच्यावर बर्चचा तो मधाळ रंग चढत नाही.

तो रंग येतो अंबर शेलॅकने, म्हणजे लाखेने. पळस, बोर आणि कुसुमाच्या झाडांवरचे किडे जी लाख तयार करतात, तीच चपडी होऊन स्पिरिटमध्ये (डिनेचर्ड अल्कोहोल, मिनरल स्पिरिट नव्हे) विरघळते. झारखंड-छत्तीसगडच्या जंगलातला माल विस्कॉन्सिनच्या एखाद्या गॅरेजमध्ये पॅनेलवर चढतो याची मला दरवेळी गंमत वाटते. घरी जुन्या सागवानी कपाटाला पॉलिशवाला बोळ्याने जे लावायचा, तेच हे.

जुन्या पॅनेलवर काय आहे ते आधी बघा. कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाका. मिनिटभरात चिकट झालं तर लाख आहे, आणि मग काम सोपं: सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून, वाळवून, वरून पातळ हात दिला की नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो. खरवडण्याची गरज नाही. पाण्याचे काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने बरेच फिके होतात. ते गरम पाण्यात विरघळवून डागावर लावा, पण त्याआधी तिथली लाख स्पिरिटने काढलेली हवी. नंतर पाण्यात खाण्याचा सोडा घालून पुसून घ्या. हातमोजे घाला, पूड श्वासात जाऊ देऊ नका.

नव्या पॅनेलला पॉलिश ते बसवण्याआधी करा, सुताराच्या लाकडी घोड्यांवर आडवं ठेवून. उभ्या भिंतीवर आणि त्याहून छतावर लाख ओघळते, आणि ओघळ वाळला की गडद रेघ कायमची राहते. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासा, धूळ पुसा. डब्यातली लाख अर्धी स्पिरिटने पातळ करा. हात भरभर चालवायचा, एकदा फिरवलेल्या जागी पुन्हा ब्रश न्यायचा नाही. अर्ध्या तासात हाताला कोरडं लागतं. मग ३२० नंबरने हलकं घासून पुढचा हात. पहिल्या हाताला प्लाय फिकट पिवळा दिसतो आणि शेजारचं जुनं पॅनेल नारिंगी. घाबरू नका. दुसऱ्या-तिसऱ्या हाताला रंग जवळ येत जातो. पण किती हात लागतील ते उरलेल्या तुकड्यावर आधी ठरवा, कारण गडद झालेलं सहजासहजी परत फिकं करता येत नाही. पावसाळी दमट दिवशी लावलीत तर वर पांढुरकी साय येते. डब्यावरची तारीख बघून घ्या, जुनी झालेली लाख वाळतच नाही, चिकट राहते. स्पिरिटची वाफ पेट घेते, तेव्हा आसपास शेगडी, हीटर, सिगारेट काही नको.

लाखेला गरम कप आणि दारू दोन्ही सोसत नाहीत. टेबल आणि ओट्याला म्हणूनच मुळात फॉर्मायका असायचा. तिथे तोच ठेवा.

आणि पांढरा रंग. सगळं आतून पांढरं रंगवायची टूम आली आहे, जागा मोठी दिसते हे खरंही आहे. तरी बर्च चांगला असेल तर मी हात जोडून सांगेन, रंगवू नका. लाखेवर रंग मारणं अर्ध्या दिवसाचं काम, काढणं जवळजवळ अशक्य, आणि अशा ट्रेलरचे खरे शौकीन रंगवलेलं अंतरंग पाहून किंमत पाडून मागतात. पॅनेल डागाळून पार गेलं असेल तर खुशाल रंगवा.

आपल्या सोयीने काय बदलावं

मूळ आराखडा फार विचाराने केलेला असतो. समोर टेबल आणि दोन बाकं, रात्री टेबल खाली उतरवून पलंग. मागे ओढून रुंद होणारा सोफा. मध्ये ओटा आणि कपाट. सोळा फुटांत चौघं झोपतात. त्यात बाथरूम कोंबायचा अट्टहास करू नका. वजन वाढतं, ओल वाढते, आणि एवढं करून उभं राहून अंघोळ होत नाही ती नाहीच. बाकाखाली सरकणारं सुटं कॅसेट टॉयलेट पुरतं.

स्वयंपाकघरात मात्र मराठी घराला बदल हवेतच. तीन बर्नरचा जुना स्टोव्ह पॅनकेकच्या तव्यांसाठी आहे. त्यावर पाच लिटरचा कुकर ठेवला की शेजारचे दोन्ही बर्नर अडतात. तीन लिटरचा उभट कुकर घ्या आणि त्याच्या उंचीचं माप घेऊनच खालच्या कपाटाचा कप्पा ठरवा. ओट्याच्या टोकाला बिजागरीवर दुमडणारी फळी लावली की पोळपाट मावतो. कडेला दोन सूत उंच पट्टी मारा, पीठ आणि लाटणं दोन्ही खाली येत नाहीत. वरच्या कपाटाच्या दारांना दाबून बसणारे खटके हवेत, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात मसाल्याचा डबा जमिनीवर.

फोडणी हा खरा प्रश्न. एवढ्याशा जागेत मोहरी तडतडली की तो वास पडद्यांत आठवडाभर राहतो. छतावरची झडप बहुधा १४ बाय १४ इंचांची असते, त्या मापात १२ व्होल्टचा पंखा बसतो. तो बाहेर हवा फेकायच्या दिशेने लावा आणि ओट्याजवळची खिडकी थोडी उघडा. मासे आणि तळण बाहेर, टेबलावर सुट्या शेगडीवर. इंडक्शन वापरायचं असेल तर १८०० वॅटची शेगडी म्हणजे १५ अँपिअर, तिच्यासाठी वेगळा फाटा ओढून ठेवलेला बरा.

जुना बर्फाचा डबा सुंदर दिसतो. त्याचं दार ठेवून आत १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज बसवता येतो, पण त्याला हवा खेळायला मागे आणि वर जागा सोडा. १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असा छोटा फ्रिज आणि दिवे दोनेक दिवस ओढते, आणि तिचं वजन तेवढ्याच शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी असतं.

गादीला चार इंची घट्ट फोम घ्या. तीन इंचीत पाठ फळीला टेकते. खोळींना चेन लावा आणि धुता येईल असं सुती कापड निवडा. पन्नाशीच्या दशकातल्या मोठ्या पानाफुलांच्या, जाड पोताच्या कापडाचे नवे ठोक मिळतात, पडद्यांना ते शोभतं. फिकट रंगाच्या फॉर्मायकावर हळदीचा डाग पडला की कायमचा, म्हणून बारीक नक्षीचा घ्या. जमिनीला लिनोलियम, ते हलकं असतं. सिरॅमिक टाइल्स रस्त्याच्या हादऱ्याने तडकतात.

पत्रा बंद करताना आणि त्यानंतर

कपाटं जागेवर आणून बाहेरून स्क्रू मारून झाले, वायरी तपासून झाल्या, मगच पत्रा चढवा. पन्हळपट्टी, खिडक्या, दिवे, जिथे जिथे भोक आहे तिथे खाली ब्यूटाइल टेप, म्हणजे फटी बुजवणारी चिकट रबरी पट्टी. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, थोडे थोडे सगळीकडून आवळत न्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. कडेने बाहेर आलेला टेप प्लास्टिकच्या पट्टीने कापा. सिलिकॉन कुठेही लावू नका. ते सुटतं, आणि सुटल्यावर त्याच्या जागी दुसरं काही चिकटत नाही, सिलिकॉनसुद्धा नाही.

गाद्या आणि पडदे आत नेण्याआधी पाण्याची परीक्षा घ्या. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने खालून वर असं हळूहळू भिजवत जायचं. वरून सुरुवात केली तर पाणी नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. दुसरी युक्ती: एका खिडकीला पुठ्ठा लावून त्यातून पानं उडवायच्या ब्लोअरने आत हवा भरा आणि बाहेर सांध्यांवर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे जिथे, गळती तिथे.

मग वजन. सामान भरून ट्रेलर महामार्गावरच्या ट्रकच्या काट्यावर न्या. हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडतात त्या आकड्यावर, येणारा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असायला हवा. त्याहून कमी असेल तर वेग घेताच ट्रेलर मागे शेपटीसारखा हलायला लागतो. बॅटरी, पाण्याची टाकी, टॉयलेट हे सगळं मागच्या सोफ्याखाली सोयीचं वाटतं, पण मागे गेलेला प्रत्येक किलो हिचवरचा भार हलका करतो. जड वस्तू चाकांच्या जरा पुढे ठेवा. एकूण वजन ॲक्सलच्या क्षमतेत बसतंय का तेही तिथेच बघा. क्षमतेचा शिक्का झिजून वाचता येत नसेल तर नवा ॲक्सल, ब्रेकसकट, टाकून घ्या.

पहिल्या प्रवासात पन्नास-शंभर मैलांवर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळा. घरी आल्यावर छताच्या पन्हळपट्टीवरून बोट फिरवा, हादऱ्याने सैल झालेले दोन-चार स्क्रू सापडतात. हे दरवर्षी थंडीच्या आधी एकदा करायचं, नळ्यांमधलं पाणी काढून टाकायचं तेव्हाच.